उंबरठ्यावरचा दिवा

संस्कृत शास्त्रांत 'देहलीदीप' नांवाचा एक न्याय आहे. उंबरठ्यावर ठेविलेला दिवा घरांतही उजेड पाडतो आणि अंगणांतही. हा न्याय आम्हीं मुलांस अनेक वर्षें शिकविला. परंतु त्याचा अर्थ आम्हांस स्वतःस मात्र फार उशिरां उमगला, हें आज वाचकांपुढें प्रांजळपणें मांडावयाचें आहे.

आमच्या सोलापुरांत १८७७ सालीं पहिली कापडगिरणी निघाली. तेलंगणांतील पद्मशाली विणकर पिढ्यान्‌पिढ्या येथें येऊन स्थायिक होत गेले. सोलापुरी चादरीचा लौकिक ज्यांनीं वाढविला, त्यांत या मंडळींचा वाटा मोठा. घरीं तेलुगू आणि बाजारांत मराठी, असा त्यांचा व्यवहार. नारळी पौर्णिमेस मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हां दोन्ही भाषा एकाच गर्दींत कानीं पडतात.

अशाच एका घरांतील मुलगा आमच्या वर्गांत होता. त्याचें मराठी शुद्धलेखन वर्गांत सर्वांहून चांगलें. शाळेचा छापील कागद भरतांना 'मातृभाषा' या रकान्यांत त्यानें 'तेलुगू' असें लिहिलें. आम्ही कौतुकाच्या भरांत म्हणालों, "अरे, तूं तर आतां आमच्यांतलाच. हें खोड आणि मराठी लिही." त्यानें मुकाट्यानें खोडलें. पुढें एकदां त्याची आई शाळेंत आली असतां तो आमच्यादेखत तिच्याशीं मराठींतच बोलूं लागला. त्या माउलीस तें धड समजेना. ती नुसती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

गतवर्षीं आमचा नातू परदेशांतून सुटीस आला. तिकडील शाळेंत घरची भाषा विचारतात, तेव्हां तो 'इंग्रजी' असें लिहितो, हें त्यानें सहज सांगितलें. "मराठी लिहिलें कीं वेगळें पडायला होतें, आजोबा." त्याच्या आजीचा चेहरा आम्हीं पाहिला, आणि ती माउली आठवली.

तंजावरच्या मराठी कुटुंबांनीं सतराव्या शतकापासून घरांत मराठी राखली. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांच्या काळचा, १८०३ सालचा, मराठी शिलालेख आहे. हें आपण अभिमानानें सांगतों. तीं माणसें बाहेर तामिळ बोलतात, म्हणून त्यांस कोणी अर्धेंमुर्धें मराठी म्हणत नाहीं. मग शेजारच्या पद्मशाली मुलाच्या तेलुगूचाच आपणांस अडथळा कां वाटावा?

वाचकांस एवढीच विनंति कीं, परदेशीच्या नातवंडांशीं मराठींत बोलावें, आणि शेजारचें मूल आपल्या आईशीं तिच्या भाषेंत बोलतांना आढळल्यास त्यास टोकूं नये. तो मुलगा आतां कोठें असतो, हें आम्हांस ठाऊक नाहीं. कधीं भेटलाच, तर तो रकाना पुन्हा भरावयास सांगूं, आणि या वेळीं मध्यें बोलणार नाहीं.