‘बायकांचा पेपर’

बारावीचा निकाल लागला, की मुख्याध्यापकाची खुर्ची काही दिवस ज्योतिषाच्या बैठकीसारखी होते. कोणत्या शाखेस घालावे, कोणता विषय घ्यावा, पुढे ‘स्कोप’ कशास आहे, हे विचारावयास पालक येतात आणि आम्हीही यथामती सांगतो. यंदा एका सवालाने मात्र आम्हांस थोडे थांबविले. राज्यशास्त्र घेऊन पदवी घेऊ इच्छिणाऱ्या एका कन्येने ऐच्छिक विषयांच्या यादीतून ‘लिंगभाव, राजकारण आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ असा पेपर निवडला होता. वडिलांस तो पसंत नव्हता. ‘‘गुरुजी, हा बायकांचा पेपर घेऊन पुढे काय करायचे?’’ असे त्यांनी विचारले. गृहस्थ सुशिक्षित, मुलीच्या शिक्षणाविषयी आस्था असलेले. त्यांचे समाधान आम्ही त्या दिवशी जमेल तसे केले आणि मुलीने तो पेपर घेतलाही. परंतु हा प्रश्न महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या अनेक घरांत विचारला जात असणार, म्हणून या खेपेस सदरात तोच घेतला आहे.

आमची एक जुनी विद्यार्थिनी सध्या एका महाविद्यालयात हाच विषय शिकविते. सुट्टीत बडोद्यास आली, की टिपणवह्या घेऊन आमच्याकडे येते; मराठीत नेमका शब्द कोणता वापरावा, हे तिला आमच्याकडून हवे असते. त्या वह्या वाचून आमचे जे मत झाले, तेच येथे मांडीत आहोत.

प्रथम शब्दाविषयी. व्याकरणात आपण तीन लिंगे शिकवितो आणि ती पाठ करावी लागतात, कारण त्यांना फारसे तर्कशास्त्र नाही. सत्ता स्त्रीलिंगी, कायदा पुल्लिंगी, राज्य नपुंसकलिंगी. (सत्ता स्त्रीलिंगी असूनही पुल्लिंगी हातांतच का, हा विनोद तिच्या वर्गात दर वर्षी कोणीतरी करतोच.) देहाने स्त्री वा पुरुष असणे ही निसर्गाची गोष्ट. परंतु बाईने काय करावे, पुरुषाने काय करू नये, कोणाचे काम मोलाचे आणि कोणाचे ‘घरचेच’, हे समाजाने ठरविलेले असते. या ठरविलेल्या भागास मराठी अभ्यासकांनी ‘लिंगभाव’ हा शब्द योजिला आहे. शब्द कानास थोडा खटकतो खरा. पण ‘स्त्रीप्रश्न’ म्हटले तर पुरुष आपोआप वर्गाबाहेर जातो, आणि तसे होऊन चालणार नाही.

आंतरराष्ट्रीय संबंध हा स्वतंत्र विषय म्हणून तसा वयाने लहान. पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर, १९१९ साली, वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे या विषयाचे पहिले अध्यासन स्थापन झाले. युद्ध का होते व टळेल कसे, हा त्याचा मूळ प्रश्न. त्यानंतर कित्येक दशके राजे, सेनापती, परराष्ट्रमंत्री आणि तह यांवर ग्रंथामागून ग्रंथ निघाले. १९८९ साली सिंथिया एन्लो या अमेरिकन विदुषीने ‘बनानाज, बीचेस अँड बेसेस’ या पुस्तकात एक साधा प्रश्न विचारला, की या सगळ्यांत बायका कोठे आहेत? केळीच्या मळ्यांत राबणाऱ्या, लष्करी तळांच्या आसपास राहणाऱ्या, राजदूताच्या घरी मेजवान्यांची व्यवस्था विनावेतन पाहणाऱ्या बायकांवाचून हे जागतिक व्यवहार एक दिवस तरी चालतील काय? आपल्याकडेही १९७४ साली स्त्रियांच्या स्थितीविषयीचा ‘समानतेकडे’ हा सरकारी अहवाल सिद्ध झाला आणि त्याच वर्षी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे केंद्र निघाले. तेव्हा हे परदेशातून आलेले नवे खूळ आहे, असे समजण्याचे कारण नाही.

बडोदेकरांना तर हा विषय परका वाटूच नये. १९२७ साली पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्षस्थानी आपल्या महाराणी चिमणाबाई होत्या. पुढे त्याच परिषदेचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या हंसाबेन मेहता या बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या आणि १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असता ‘ऑल मेन’ असा शब्दप्रयोग आला. ‘मेन’ म्हटले की त्यात स्त्रिया आल्याच, असे अनेकांचे म्हणणे. हंसाबेननी ते मानले नाही; काही देशांत तो शब्द अक्षरशः घेतला जाईल, अशी त्यांची हरकत होती. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा संमत झाला तेव्हा पहिल्या कलमात ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ असे शब्द होते. फरक दोन-तीन शब्दांचा, आणि त्यावरून परराष्ट्रांच्या प्रतिनिधींशी वाद घालणाऱ्या बाई आपल्या गावच्या विद्यापीठात नऊ वर्षे कुलगुरू होत्या. आमच्या माजी विद्यार्थिनीचा पहिला तास यावरच असतो.

परंतु थोर स्त्रियांची चरित्रमाला एवढेच या पेपराचे स्वरूप राहिले, तर तो घेण्यात फारसा अर्थ नाही. ते काम जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांतून होतच असते. या विषयाचा कस लागतो तो कायद्याचा व नियमाचा कागद समोर ठेवून वाचताना. येथे आम्ही तिच्या वहीतील एकाच पाठाविषयी जरा विस्ताराने लिहितो.

फाळणीच्या दंगलींत दोन्ही बाजूंनी हजारो स्त्रिया पळविल्या गेल्या. भारतात राहिलेल्या मुसलमान स्त्रिया सुमारे ५० हजार आणि पाकिस्तानात राहिलेल्या हिंदू व शीख स्त्रिया सुमारे ३३ हजार, असा सरकारी अंदाज होता. डिसेंबर १९४७ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला, की अशा स्त्रियांना शोधून परत पोचवावे. मृदुला साराभाई आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी या कामी अपार कष्ट घेतले. कित्येकींची नरकातून सुटका झाली, हे निर्विवाद. १९४९ साली त्यासाठी कायदाही झाला. आता त्यातील ‘अपहृत व्यक्ती’ची व्याख्या पाहा: सोळा वर्षांखालील मुलगा, अथवा कोणत्याही वयाची स्त्री. १ मार्च १९४७ नंतर ती कुटुंबापासून दुरावली असेल आणि परधर्मीयाच्या घरी आढळली, तर ती अपहृत. मुलगा सोळा वर्षांचा झाला, की आपले कोठे राहणे त्याचे त्याने ठरवावे. बाई तिशीची असो की पन्नाशीची, तिचे ठरविणार न्यायाधिकरण. जिला परत जावयाचे होते तिच्या दृष्टीने हा कायदा वरदान ठरला. पण ज्या घरी ती राहत होती तेथे एव्हाना तिला मूल झाले असेल, माहेर व सासर आपल्याला आत घेणार नाही हे ती जाणून असेल आणि ‘मी जात नाही’ असे म्हणत असेल, तर? तिच्या ‘नाही’ला त्या कायद्यात वजन नव्हते. दोन राष्ट्रे आपापली अब्रू परत मिळवीत होती आणि ती अब्रू जिच्या रूपाने सीमेपलीकडे न्यावयाची, तिला विचारण्याची गरज कोणास भासली नाही. उर्वशी बुटालिया, तसेच रितू मेनन आणि कमला भसीन यांनी अशा स्त्रियांच्या कहाण्या शोधून १९९८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या, तेव्हा कोठे त्या अभ्यासक्रमात आल्या. मधली पन्नास वर्षे आम्ही मास्तर मंडळी फाळणी शिकवीत होतो ती रॅडक्लिफ रेषेपुरती.

हा पाठ झाल्यावर वर्गात बराच वेळ कोणी बोलत नाही, असे ती सांगते. तो राजकारणाचा धडा की स्त्रियांचा, हे वेगळे काढून दाखविणे आम्हांस तरी जमणार नाही.

त्यामानाने सी. बी. मुथम्मा यांचे प्रकरण वर्गात हशा पिकविणारे. १९४९ साली परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या या पहिल्या महिला अधिकारी. सेवेचा नियम असा, की स्त्री-अधिकाऱ्याने लग्नापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी आणि संसारामुळे कामात व्यत्यय येतो असे सरकारास वाटल्यास राजीनामा द्यावा. बढती डावलली गेली तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दरम्यान सरकारने बढती दिल्याने १९७९ साली अर्ज निकाली निघाला. परंतु न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालपत्रात त्या नियमांचे वाभाडे काढले. संसाराची अडचण पुरुष अधिकाऱ्यालाही येऊ शकते, असे त्यांनी नमूद केले आहे. ज्या वडिलांस स्पर्धापरीक्षेची चिंता वाटते, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की त्या परीक्षा देऊन त्यांची मुलगी ज्या सेवेत शिरू पाहते तिची दारे कोणी व कशी उघडली, हे याच पेपरात कळते.

आता तक्रारीही सांगितल्या पाहिजेत. या विषयाची पुस्तके बहुतांशी इंग्रजीत, आणि तेही असे इंग्रजी, की मराठी वा गुजराती माध्यमातून आलेला मुलगा दुसऱ्या पानावर थकतो. मग बाजारातील मार्गदर्शिका येतात, अपेक्षित प्रश्न येतात आणि ‘लिंगभाव म्हणजे काय, पाच मुद्द्यांत स्पष्ट करा’ असा सोक्षमोक्ष लागतो. काही ठिकाणी हा तास आपल्या वाट्यास आला, की ज्येष्ठ प्राध्यापक तो खात्यातील सर्वांत कनिष्ठ बाईंच्या गळ्यात घालतात. आमच्या मते हा पेपर अधूनमधून पुरुष प्राध्यापकाने शिकवावा. मुलगे मागच्या बाकांवरून पुढे येतील आणि प्राध्यापकांनाही दोन गोष्टी नव्याने वाचाव्या लागतील.

आमच्या विद्यार्थिनीने मार्गदर्शिकांवर एक तोड काढली आहे. तिची गृहपाठाची पद्धत आम्हांस फार आवडली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या, म्हणजे १९५१-५२च्या, मतदारयाद्या तयार होताना असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नावच सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच लिहून घेतले गेले. सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांची नावे त्यापायी वगळावी लागली. हा प्रकार ज्या राज्यांत अधिक घडला, त्यांत इंदूर-ग्वाल्हेरचा तेव्हाचा मध्यभारतही होता. हे सांगून झाले, की ती मुलांना घरी पाठविते: आपल्या आजीची वा पणजीची कोणकोणती नावे कोणकोणत्या कागदांवर आहेत, ते शोधून आणा.

आपल्या लोकांत लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिण्याची चाल, त्यामुळे मराठी मुलांच्या याद्या सर्वांत लांब निघतात. गेल्या वर्षी एका मुलाने आणलेली यादी तिने आम्हांस दाखविली. आजीच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे, बँकेच्या पुस्तकात दोन्हींची सरमिसळ. थोरला मुलगा परदेशी असल्याने तिचे पारपत्र काढावयाचे ठरले, तेव्हा या तिन्ही बाया एकच आहेत, असे प्रतिज्ञापत्र वकिलाकडून करून घ्यावे लागले. मुलाने त्याची नक्कलही वहीत चिकटविली होती. खाली आजीची सही होती, माहेरच्या नावाची.