फरारी इसम आणि दप्तरातील नोंद

सिसिली बेटावरील माफियांचा म्होरक्या मातेओ मेसिना देनारो हा १९९३ पासून फरारी होता. १९९२ साली न्यायाधीश फाल्कोने व बोर्सेलिनो यांचे जे खून झाले त्यांत त्याचा हात होता. एका साक्षीदाराच्या कोवळ्या मुलाच्या अपहरणात व हत्येतही होता. तीस वर्षे इटलीचे सरकार त्याच्या मागावर होते. अखेर १६ जानेवारी २०२३ रोजी पालेर्मो येथील एका खाजगी रुग्णालयापाशी तो सापडला. राहत होता तो आपल्या जन्मगावापासून अवघ्या काही मैलांवर!

तो सापडला कसा, हे व्यापारी बंधूंनी ध्यानी घेण्याजोगे आहे. नातेवाइकांची संभाषणे गुप्तपणे ऐकून आणि बहिणीच्या घरी दडविलेल्या चिठ्ठीवरून त्यास कर्करोग जडल्याचे पोलिसांना उमगले. मग त्यांनी आरोग्य खात्याचे मध्यवर्ती दप्तर उघडले. वय, जन्मप्रांत, शस्त्रक्रिया अशा चाळण्या लावीत ते एका नावावर आले. त्या नावाचा खरा गृहस्थ मात्र शस्त्रक्रियेच्या दिवशी इस्पितळात नव्हताच, असे त्याच्या दूरध्वनीच्या नोंदींनी सांगितले. रोजकीर्द व खतावणी यांचा मेळ बसेना की आपला मुनीम जे करतो, तेच हे काम.

या कामगिरीचे आम्हांस कौतुकच वाटते. परंतु त्याच चाळणीतून इतर निरपराध रुग्णांची नावेही गेली. त्यांनी आपला आजार वैद्याच्या भरवशावर सांगितला होता, पोलिसांच्या नव्हे.

आपल्या देशात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. तथापि २०२२ च्या कायद्याने पोलिसांनी घेतलेले बोटांचे ठसे व बुबुळांच्या प्रतिमा ७५ वर्षे जतन करण्याची तरतूद केली आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यातून सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांस सूट देऊ शकते.

पेढीवर झडती घ्यावयाची तर अधिकाऱ्यास अधिकारपत्र दाखवावे लागते, पंचनामा करावा लागतो, नेलेल्या वह्यांची यादी द्यावी लागते. यंत्रातील दप्तरास हाच दंडक का नसावा? कोणी उघडले, केव्हा, कोणत्या कारणास्तव, हे लिहिले जावे. न्यायाधीशाची अनुमती असावी. अनावश्यक नावे पुसली जावीत. तेवढ्यात गुन्हेगार निसटेल, असे कोणी म्हणेल. तीस वर्षे चाललेल्या तपासास एका सहीपुरते थांबणे जड जाऊ नये.

शासनाकडे आपण करांविषयी निवेदने धाडतोच. त्यांत ही मागणीही संघाने घालावी, अशी आमची सूचना आहे.