लाकडाच्या पेटीत तळे



या सदरात आम्ही आजवर पाट, फडताळ, मांडणी अशा घरच्या घरी करण्याच्या वस्तूंबद्दल लिहीत आलो. या वेळी मुंबईतल्या एका जुन्या चाळीतून एका तरुण सुतार बंधूंचे पत्र आले आहे. त्यांचे वडील पूर्वी गिरणीत होते. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ते खाटेवरच आहेत आणि समोरच्या भिंतीकडे पाहत दिवस काढतात. एका बंगल्यात फर्निचरचे काम करताना या बंधूंनी आठ फूट लांबीचे मत्स्यालय पाहिले. तसे आपल्या वडिलांपुढे असावे असे त्यांच्या मनाने घेतले. एवढी जाड काच चारही बाजूंना लावणे परवडत नाही. तेव्हा तीन बाजू व तळ प्लायवूडचा आणि पुढे तेवढी काच, अशी पेटी होईल का, असे ते विचारतात. पत्राच्या शेवटी सहज लिहिल्यासारखी एक ओळ आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे.

पेटी होते. आम्ही केलेली आहे. नाशिकरोडच्या आमच्या बैठ्या घरात, मेव्हण्यांना हाताशी घेऊन, आठ फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट पाण्याची.

यातले मर्म असे की लाकडाने फक्त जोर धरायचा. पाणी अडवण्याचे काम लाकडाचे नव्हेच, ते आतल्या लेपाचे. प्लायवूड मरीनचे, आयएस ७१० चा शिक्का पाहूनच घ्यावे, आणि सहा सुतांपेक्षा पातळ घेऊ नये. सांधे गुण्यात बसवून, नेहमीच्या पांढऱ्या गोंदाऐवजी पाण्यात टिकणारा इपॉक्सीचा गोंद लावून, दर चार बोटांवर स्क्रू. स्क्रूला आधी भोक पाडावे, नाहीतर प्लायची कड फाटते. तोंडावर चार इंची पट्टीची चौकट आणि मध्ये एक आडवी पट्टी द्यावीच लागते. ती नसेल तर लांब बाजू पाण्याने पोटासारख्या फुगतात.

मग आतून इपॉक्सीचा लेप, कोपऱ्यांत फायबरचे कापड चिकटवून. कोकणात मच्छीमार लाकडी होडीला फायबर चढवतात, तीच विद्या. फक्त होडीला पाणी बाहेर ठेवायचे असते, आपल्याला आत.

काच पुढच्या चौकटीला आतून बसवायची. बाहेरून लावली तर पाणी तिला ढकलून काढील. आतून लावली की पाणीच तिला चौकटीवर दाबून धरते. चिकटवायला शुद्ध सिलिकॉन घ्यावे. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते चालते. बुरशी न येणारे म्हणून न्हाणीघरासाठी विकतात ते मात्र नको, त्यातले औषध माशांना मारते. आम्ही १२ मिलिमीटरची काच घेतली. आज करायचे तर १५ ची घेऊ. पाण्याचा दाब लांबी-रुंदीवर नव्हे, खोलीवर ठरतो. दोन फूट पाणी आठ फूट लांब बाजूवर सुमारे साडेचारशे किलोचा रेटा देते, मग पेटी तीन फूट रुंद असो की वीतभर.

आता आमची फजिती. लेपाचे तीन हात द्यायचे ठरले होते. पाहुणे येणार म्हणून आम्ही दोनच दिले. अंगणात पेटी ठेवून भरली आणि तिसऱ्या रात्री तळाच्या कडेला ओल दिसली. एका स्क्रूच्या डोक्यावर टाचणीएवढे छिद्र राहिले होते. तेवढ्यातून पाणी प्लायच्या थरांत शिरून वीतभर जागा फुगली. सारे पाणी नळीने झाडांना सोडले, फुगलेला भाग कापला, तुकडा बसवला आणि पुन्हा तीन हात दिले. लेप आतपर्यंत वाळला नसेल तर त्यातूनही विष उतरते, म्हणून पुढे आठवडाभर पेटी कोरडी ठेवली. सौ. म्हणाल्या, "पाहुणे गेले, आता घाई कुणासाठी करता?" दुसऱ्या खेपेला एक-एक चौथाई भरत, मध्ये दिवस जाऊ देत, भरली.

अंगण होते म्हणून ही गोष्ट हसण्यावारी गेली. दुसऱ्या मजल्यावर तेच पाणी खालच्या कुटुंबाच्या अंथरुणावर पडले असते.

आणि गळणे ही लहान गोष्ट आहे. बंधूंनो, आठ बाय तीन बाय दोन म्हणजे ४८ घनफूट. एका घनफुटात २८ लिटरहून थोडे जास्त पाणी मावते, म्हणजे झाले सुमारे १३६० लिटर. एक लिटर पाणी एक किलोचे. त्यात वाळू, प्लाय, काच, खालची घडवंची धरली तर दीड टनाच्या वर जाते. साठ किलोची पंचवीस माणसे एका भिंतीशी खेटून, रात्रंदिवस, न हलता उभी आहेत असे समजा. आजच्या बांधकामात राहत्या घराची जमीन चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचे ओझे धरून आखतात. दोन फूट पाणी तेवढ्याच जागेवर ६१० किलोचे होते. जुन्या चाळीच्या लाकडी तुळयांना किती वर्षांची ओल आणि वाळवी लागली आहे, ते वरून दिसत नाही. म्हणून स्पष्ट लिहितो: दुसऱ्या मजल्यावर ही पेटी करू नका.

आणखी एक. मत्स्यालयाचे पाणी आठवड्याला निदान चौथा हिस्सा बदलावे लागते. म्हणजे ३४० लिटर, वीस लिटरचे सतरा हंडे. चाळीत नळाला पाणी किती वेळ येते ते आम्ही सांगायला नको. हे सतरा हंडे कोण भरणार? पत्रात आई आणि बहिणीचा उल्लेख आहे, म्हणून विचारतो.

पण वडिलांना भिंतच पाहू द्या असे आमचे म्हणणे नाही. तीन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट पाण्याची, सगळीकडून सहा मिलिमीटर काचेची टाकी घ्या. पाणी ८५ लिटर. घडवंचीसकट ओझे दोन माणसांइतके. ती तुळया जिथे भिंतीत शिरतात तिथे, भिंतीला लागून, दोन-तीन तुळयांवर आडवी येईल अशी ठेवा. जमीन आधीच झुकली असेल किंवा पावलाने हलत असेल, तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय तीही नको. पाणी बदलायला आठवड्याला एक हंडा पुरेल.

तुमची सुतारकी घडवंचीत दाखवा. विकतच्या घडवंच्या उभ्या माणसाच्या नजरेला धरून उंच केलेल्या असतात. तुम्ही खाटेवरच्या गादीच्या उंचीची करा, म्हणजे कुशीवर झोपल्या झोपल्या मासे डोळ्यांसमोर येतील. पाय सुटे टेकवू नका, खाली अखंड फळी द्या आणि पाणसळ लावून पाहा.

नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच घालावे, त्यातला क्लोरीन उडतो. पहिल्या दिवशी भाराभर मासे आणू नयेत. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जंतू टाकीत वाढायला महिना-दीड महिना लागतो, तोवर चार-पाचच. डासांच्या अळ्या खातात म्हणून महापालिका विहिरींत, टाक्यांत सोडते ते गप्पी मासे काटक असतात. ते पिल्ले घालतात, आणि मोठे मासे ती गिळतातही. म्हणून कोपऱ्यात पाणवनस्पतींची दाटी ठेवा. वडिलांना रोज पिल्ले मोजण्याचे काम मिळेल.

घडवंची झाली की माप कळवा. वडिलांना आमचा जयभीम सांगा.