वही, फोन की टॅब? नर्सिंगच्या वर्गात एक उत्तर, मोलगीच्या वॉर्डात दुसरे

नर्सिंगच्या प्रवेशयाद्या लागल्या की घरोघरी खरेदीची यादी निघते. गणवेश, पांढरे बूट, सेकंदकाटा असलेले घड्याळ, स्टेथोस्कोप, जाडजूड इंग्रजी पुस्तके. अलीकडे त्या यादीत टॅब आणि त्यावर लिहायचे पेनही आले आहे. परदेशातल्या विद्यार्थिनी रंगीत, सुबक नोट्स टॅबवर कशा काढतात याचे व्हिडिओ इथल्या मुलीही पाहतात आणि हे नसेल तर आपण मागे पडू, अशी धास्ती घेतात. अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीसारख्या गावातून आणि भोवतालच्या पाड्यांवरून एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगला जाणाऱ्या मुलीच्या घरात ही धास्ती काही हजारांची असते. टॅबला वीस-पंचवीस हजार लागतात, तर दोनशे पानी वही शंभर रुपयांच्या आत येते. भगर आणि मोहावर वर्ष काढणाऱ्या कुटुंबाने यातले काय निवडावे, याचे उत्तर यूट्यूबवर मिळत नाही.

टॅब चांगला की वाईट, हा वाद इथे फारसा उपयोगाचा नाही. नर्सिंगची विद्यार्थिनी दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी लिहीत असते. वर्गात ती लक्षात ठेवण्यासाठी लिहिते. वॉर्डात ती दुसऱ्या कुणाला तरी कळावे म्हणून लिहिते. पहिले लिखाण चुकले तर गुण जातात. दुसरे चुकले तर काय जाते, ते पुढे पाहू.

आधी वर्ग. २०१४ साली पाम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ‘लॅपटॉपपेक्षा पेन बरे’ ही बातमी जगभर गेली. लॅपटॉपवर टंकणारे विद्यार्थी शिक्षकाचे शब्द जसेच्या तसे उतरवतात, हाताने लिहिणाऱ्याला वेग कमी असल्याने निवड करावी लागते, आणि म्हणून संकल्पनेवरच्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे राहिले, असा त्याचा सारांश. पुढे २०२१ मध्ये हेदर युरी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. टंकणारे शब्दशः उतरवतात हे त्यांनाही दिसले, पण परीक्षेतला फरक मात्र दिसला नाही. २०२४ मध्ये नॉर्वेतल्या ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूचे आलेख काढणारा अभ्यास आला. हाताने लिहिताना मेंदूचे विविध भाग एकमेकांशी अधिक जोडलेले दिसतात, असे त्यात आढळले. त्याच्या बातम्यांत एक गोष्ट बहुधा निसटली. त्या विद्यार्थ्यांनी ‘हाताने’ लिहिले होते ते कागदावर नव्हे, पडद्यावर, डिजिटल पेनने. शिवाय कुणाला किती लक्षात राहिले, हे त्या अभ्यासात मोजलेलेच नव्हते.

म्हणजे विज्ञान कागदाच्या बाजूने ठामपणे उभे आहे, असे म्हणता येत नाही. ते एवढेच सांगते की जे ऐकले ते स्वतःच्या शब्दांत उतरवणाऱ्याला त्याचा फायदा होण्याची शक्यता आहे, मग साधन कोणतेही असो. याहून भक्कम पुरावा आहे तो स्वतःला प्रश्न विचारण्याचा. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवण्याचा प्रयत्न करणारे पुढे गेले. त्यामुळे वहीच्या पानाला डावीकडे तीन बोटे समास सोडून तिथे रात्री प्रश्न लिहावेत, उजवी बाजू झाकून उत्तरे द्यावीत, हा जुना उपाय टॅबच्या कोणत्याही ॲपइतकाच चालतो. हेच प्रश्न फोनवर हवे असतील तर ‘अँकी’सारखे ॲप अँड्रॉइडवर फुकट मिळते आणि रेंज नसतानाही चालते. वसतिगृहातून घाटाकडे जाणाऱ्या बसमध्ये ते वहीपेक्षा सोयीचे आहे, एवढा मान फोनला द्यायला हरकत नाही.

भाषेचा प्रश्न मात्र कोणत्याच ॲपच्या जाहिरातीत नसतो. पुस्तक इंग्रजीत, शिकवणे मराठी-हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात, आणि मुलीची घरची भाषा भिलीची एखादी बोली किंवा पावरी. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या १६ लाख ४८ हजार लोकसंख्येत ६९ टक्के आदिवासी आहेत. म्हणजे वॉर्डातला रुग्णही बहुधा तीच बोली बोलणार. अशा मुलीने इंग्रजी व्याख्या उतरवून त्याखाली आपल्या बोलीतला शब्द देवनागरीत लिहून ठेवला, तर तो तिचा खाजगी शब्दकोश होतो. पोटात मुरडा येणे, डोळ्यांपुढे अंधारी, बाळ फिरत नाही, अंगावरून पाणी जाणे यासाठी तिच्या गावात नेमके काय म्हणतात, हे बाहेरून आलेल्या डॉक्टरला ठाऊक नसते. आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे साधन प्राथमिक रूपात आणले आणि त्यात भिली आहे, ही चांगली गोष्ट. पण ती मध्य प्रदेशातली भिली. मोलगीच्या बाजारात जी ऐकू येते ती हुबेहूब तीच, असे धरून कळा देणाऱ्या बाईशी बोलणे धोक्याचे ठरेल. तूर्त त्या मुलीची वही त्या यंत्रापेक्षा पुढे आहे.

आता वॉर्ड. इथे नोंद म्हणजे काय, याचे एकच उदाहरण घेऊ. गरोदर बाईला झटके आले, रक्तदाब वाढलेला आहे. पुढच्या रुग्णालयात पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायचा, दोन्ही नितंबांत पाच-पाच असा १० ग्रॅम. मग रुग्णवाहिका देवगोईचा घाट उतरून अक्कलकुव्याकडे आणि तिथून नंदुरबारला. पावसाळ्यात दरड आली तर किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. तिथल्या सिस्टरला सर्वांत आधी हवे असते ते हे की औषध दिले का, किती दिले आणि किती वाजता. कारण पुढचा डोस त्यावर ठरतो. औषध शरीरात जास्त झाले तर गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया जाते, लघवी कमी असेल तर ते साठत जाते, शेवटी श्वास मंदावतो. म्हणून श्वासाचा वेग १६ च्या खाली किंवा लघवी तासाला ३० मिलिलिटरच्या खाली असेल तर पुढचा डोस रोखतात. ‘मॅगसल्फ दिले’ एवढेच चिठ्ठीवर असेल, तर पुढची सिस्टर एक तर औषध द्यायला घाबरते किंवा दुप्पट देते. हे लिखाण टॅबवर झाले आणि टॅब मोलगीतच राहिला तर त्याचा उपयोग शून्य. बाईबरोबर गाडीत कागद जातो.

अशा चिठ्ठीला ठरलेला साचा असतो. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आलेली ‘एसबीएआर’ ही पद्धत नर्सिंग महाविद्यालयांत आता शिकवतात. आत्ता काय झाले, आधीचे काय, आपला अंदाज काय, काय करावे असे वाटते. चार ओळी. विद्यार्थिनीने वर्गातल्या नोट्सही कधीमधी याच चार ओळींत लिहून पाहाव्यात. हात बसला की रात्री दोन वाजता आठवावे लागत नाही.

दुसरा धोका आकड्यांचा आहे, आणि तो खास आपला. मराठी एक घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो. मराठी चार आणि इंग्रजी आठ यांतही फसगत होते. एकाच पानावर वर्गातले मराठी आकडे आणि वॉर्डातले इंग्रजी आकडे मिसळले की डोस नऊपट होऊ शकतो. यावर उपाय साधा आहे. वॉर्डात एकच लिपीचे आकडे वापरायचे, आणि केसपेपर इंग्रजीत असल्याने ते इंग्रजीच. दशांश चिन्हाआधी शून्य लिहायचे, पूर्णांकानंतर दशांश आणि शून्य लिहायचे नाही. नाहीतर अर्ध्याचे पाच आणि एकाचे दहा होतात. इन्शुलिनपुढे नुसते ‘यू’ हे अक्षर न लिहिता ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा, कारण ते इंग्रजी अक्षर शून्यासारखे वाचले जाते आणि चाराचे चाळीस होतात. ही सगळी पथ्ये कागदावरची आहेत हे मान्य. टंकलेल्या अक्षरात ही फसगत कमी होते, आणि डिजिटल नोंदीच्या बाजूचा हा खरा, वजनदार मुद्दा आहे.

कुपोषित बालकांच्या वॉर्डात फोनचा आणखी एक चांगला उपयोग आहे, हिशेबाचा. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेले तीव्र कुपोषित बालक दाखल झाले की रोज वजन आणि किलोमागे किती ग्रॅम वाढ हे पाहतात. काल ६ किलो २०० ग्रॅम, आज ६ किलो २६० ग्रॅम, म्हणजे ६० भागिले ६.२, जवळपास १० ग्रॅम. वाढ चांगली आहे. पाचच्या खाली राहिली तर कुठेतरी जंतुसंसर्ग लपला आहे का, दूध खरोखर पोटात जाते आहे का, हे शोधायचे. भागाकार फोनवर करावा, चूक होत नाही. उत्तर मात्र लगेच तक्त्यावर चढवावे, फोनमध्ये ठेवू नये. आणि फोन हाताळून झाल्यावर हात धुवावेत. तळहातावर आणि फोनच्या काचेवर जंतू सारखेच राहतात, पण काचेची आठवण कुणाला होत नाही.

फोनबाबत खरी लक्ष्मणरेषा कॅमेऱ्याची आहे. केसपेपरचा फोटो काढून रात्री केस स्टडी लिहिणे फार सोयीचे वाटते. पोस्टिंगच्या धावपळीत ते मुली का करतात, हे समजण्यासारखेही आहे. पण तो फोटो आपोआप क्लाउडवर जातो, व्हॉट्सॲप गटात जातो, आणि अलीकडे सारांश काढून घेण्यासाठी एआयच्या चॅटमध्येही टाकला जातो. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगतो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने स्त्रीचे नाव उघड करणे हा गुन्हा ठरवला. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला.

शहरात नाव झाकले की ओळख झाकली जाते, असे समजले जाते. सातपुड्यात ते खरे नाही. ‘अमुक पाडा, तिसरी खेप, सिकलसेल’ एवढे शब्द कुणीही वाचले तर बाई कोण, हे आख्ख्या बाजाराला कळते. आणि सिकलसेल हा नुसता रक्ताचा अहवाल नसतो, त्यावर धाकट्या बहिणीचे लग्न अडू शकते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आणि तपासणी वाढली. म्हणजे अशा नाजूक नोंदीही वाढल्या. विद्यार्थिनीच्या खिशातल्या कागदावर खाट क्रमांक असावा, पाड्याचे नाव नसावे.

तो खिशातला कागद कसा असावा? एक पूर्ण पान चारदा दुमडलेले, किंवा तळहाताएवढी डायरी. प्रत्येक खाटेला एक ओळ, वेळेचे रकाने. बॉलपेन, कारण जेलची शाई पावसात पसरते. बाहेरून प्लास्टिकची पिशवी. खाडाखोड झालीच तर एक रेघ मारून सही, व्हाइटनर नाही. ही सवय इथेच लागली तर पुढे अधिकृत केसपेपरवरही ती राहते. आणि त्या कागदावरची नोंद तासाभरात तक्त्यावर चढली पाहिजे. ड्यूटी संपल्यावर आठवून भरलेला प्रसूतीचा आलेख दिसायला सुंदर असतो. पण त्या आलेखाचे काम कळा लांबत चालल्या आहेत हे वेळेत दाखवणे आहे, आणि बाळ जन्मल्यानंतर ते काम उरत नाही.

हे सगळे वाचून टॅब घेऊच नये असा अर्थ कुणी काढला, तर तोही चुकीचा. याच मुली उद्या उपकेंद्रावर एएनएम होतील तेव्हा त्यांच्या हाती सरकारी टॅब येईल. ‘अनमोल’ ॲप २०१६ पासून आहे. माता-बाल नोंदी, लसीकरण, क्षयरोग यांची वेगवेगळी पोर्टल्स आहेत. बी.एस्सी. नर्सिंगच्या २०२१ मध्ये राजपत्रात आलेल्या सुधारित अभ्यासक्रमात दुसऱ्याच सत्रात आरोग्य माहितीशास्त्राचा स्वतंत्र विषय आहे. प्रत्यक्षात काय होते, तर रजिस्टर संपलेले नाही आणि ॲप आले आहे. तीच माहिती दिवसा कागदावर आणि संध्याकाळी रेंज सापडेल तिथे उभे राहून ॲपवर. हा दुहेरी भार कमी करणे धोरणकर्त्यांच्या हाती आहे, विद्यार्थिनीच्या नाही. पण महाविद्यालये एक करू शकतात. प्रत्येक मुलीला टॅब घ्यायला लावण्याऐवजी ग्रंथालयात पाच-सहा टॅब ठेवावेत, त्यावर खोट्या नावांच्या नोंदी भरण्याचा सराव तासिकेत घ्यावा, आणि पोस्टिंगच्या शेवटी लॉगबुकावर सही करताना ट्यूटरने ती खिशातली डायरीही उघडून पाहावी. लॉगबुकात केलेल्या कामांची संख्या असते. श्वास मोजला तेव्हा घड्याळात किती वाजले होते, ते डायरीत असते.