रडायला मनाई नाही

खामगाव, मलकापूर, चिखली, बुलढाणा, आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळ्यांमधल्या भावाबहिणींसाठी हे लिहितो आहे. चर्चची पायरी कधी न चढलेल्या, पण आज दुःखात असलेल्या माणसानंही वाचावं.

ज्या घरात मरण आलं, तिथं एक वाक्य हमखास ऐकू येतं: देवाची इच्छा होती, आता रडू नका. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तरी हात जोडून सांगतो, हे बोलणं थांबवा. जिच्या घशाखाली अजून भाकरीचा तुकडा उतरत नाही, तिला त्यातून एवढंच कळतं की तुझा नवरा देवानं नेला आणि त्याबद्दल तू तक्रारही करायची नाहीस.

शास्त्र असं म्हणत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय आज घरी उघडून वाचा. लाजर आजारी असल्याचा निरोप येशूला मिळाला होता, तरी तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. लाजराची बहीण मार्था वाटेतच त्याला गाठते आणि तोंडावर सांगते की तू आला असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं दुसरी बहीण मरियाही तेच म्हणते. येशू दोघींपैकी एकीलाही गप्प करत नाही. तुमचा विश्वास कमी पडला, असंही सुनावत नाही. आणि पुढच्या थोड्याच वेळात लाजराला उठवणार हे ठाऊक असताना तो रडतो. मला तर सगळ्या शुभवर्तमानात याहून मोठा दिलासा सापडत नाही. शेवट चांगला होणार हे माहीत असलेला देवसुद्धा आजच्या रडण्याला फालतू समजत नाही. मग आपण कोण दुसऱ्याचे डोळे घाईघाईनं पुसणारे?

स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र पाहा. दुसरी बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी उजेडाकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. तरीही ते शास्त्रात आहे, कारण अंधारातून मारलेली हाकही प्रार्थनाच असते. तुमच्याकडून आज स्तुतिगीत म्हटलं जात नसेल तर म्हणू नका. ‘देवा, तू कुठं आहेस’ एवढंच विचारता येत असेल, तर तेच विचारा. वधस्तंभावर ख्रिस्तानंही बापाला असंच विचारलं होतं.

‘का’ या प्रश्नावर आपल्यातल्या फार लोकांकडे फार पटकन उत्तर असतं. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटली आणि 25 माणसं गेली. ओळख पटेना म्हणून बहुतेकांवर बुलढाण्यातच एकत्र अंत्यसंस्कार करावे लागले. त्यांनी काय पाप केलं होतं? शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले होते, त्यांचा विषय स्वतः येशूनं काढला होता, आणि ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं समजू नका, हे स्पष्ट सांगितलं होतं. हिशेब मांडणाऱ्यांची वही त्यानं तिथंच मिटवली. आपण ती पुन्हा उघडू नये.

कोणी म्हणेल, मग विश्वास ठेवून मिळतं काय? पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहा. 1874 च्या सुमारास दुष्काळात वडील, आई, मोठी बहीण पाठोपाठ गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. फेब्रुवारी 1882 मध्ये पतीला पटकीनं नेलं, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्या वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दुःखानं त्यांची वाट सोडली का? नाही. हाताशी आलेली, आईच्या केडगावच्या आश्रमाचं काम पुढं चालवू शकेल अशी मनोरमा 1921 च्या जुलैमध्ये गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत. पण त्या शेवटच्या महिन्यांतही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी टाकलं नाही. आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना त्यांनी केडगावला आणलं, ते स्वतः तसली उपासमार भोगलेल्या बाईनं. आपल्या वऱ्हाडातही 1899-1900 च्या दुष्काळात अलायन्स मिशननं अनाथ मुलांना आसरा दिला. आपल्या मंडळ्यांची मुळं अशा दुष्काळी वर्षांत आहेत. सुखाच्या दिवसांत हा विश्वास इथं रुजलेला नाही, हे आपण विसरता कामा नये.

आता एक अवघड गोष्ट. आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांसाठी ओळखला जातो. 2006 साली पंतप्रधानांच्या पॅकेजात विदर्भाचे जे सहा जिल्हे होते, त्यात बुलढाणा होता. ज्या घरात माणूस असा गेला, त्या घराला आपण दोनदा मारतो. सरकारी मदतीसाठी प्रकरण जातं तेव्हा सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की खासगी सावकाराचं, हे तपासून ते पात्र की अपात्र ठरतं. तेवढं कमी म्हणून की काय, मंडळीतले काही जण त्या माणसाचं स्वर्गातलं प्रकरणही अपात्र ठरवून मोकळे होतात! हा अधिकार तुम्हाला कोणी दिला? मरणसुद्धा आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही, हे पौलानं रोमकरांना लिहिलं, त्यात त्यानं मरणाचे प्रकार पाडले नाहीत. शेवटच्या रात्री त्या माणसाच्या मनात काय चाललं होतं ते देवाला ठाऊक आहे. त्या विधवेला आणि तिच्या लेकरांना आपण एवढं तरी सांगू शकतो की तो देवाच्या हातात आहे, आणि तो हात आपल्यापेक्षा दयाळू आहे.

पाळकांना आणि पंचमंडळींना माझं सांगणं आहे. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले. तिथवर ते बरोबर होते. तोंड उघडून कारणं सांगू लागले तिथं चुकले, आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही. तेव्हा दुःखाच्या घरी जा, बसा, छोटी प्रार्थना करा, आणि मग कामाला लागा. वारस नोंदीसाठी त्या बाईबरोबर तलाठ्याकडे जा. तहसीलमध्ये एकटीला पाठवू नका. पेरणीला तिच्या शेतात चार माणसं उभी करा, सोयाबीन सोंगायच्या वेळी पुन्हा जा. पहिला महिनाभर घर माणसांनी भरलेलं असतं. सहा महिन्यांनी कोणी येत नाही. तेव्हा जा.

आणि आशा? पुनरुत्थानाची. कर्ज उद्या फिटेल, पाऊस वेळेवर येईल, असं वचन ख्रिस्तानं दिलेलं नाही, आणि तसं सांगणाऱ्या प्रचारकांपासून सांभाळा. त्यानं सांगितलं ते हे की मरणाचा शब्द शेवटचा नाही. तो उठला तेव्हाही त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण होते. थोमाला त्यानं ते दाखवले. भोगलेलं पुसून टाकून तो उठला नाही. ज्यांना आपण मातीत ठेवलं त्यांना पुन्हा भेटू, हा विश्वास मी मनापासून धरून आहे, आणि तुम्हीही धरावा अशी माझी इच्छा आहे. आज धरवत नसेल तर काही दिवस मंडळी तुमच्या वतीनं धरेल. मंडळी असते कशासाठी?

आता हे वाचणाऱ्या ज्या भावाच्या किंवा ताईच्या मनात स्वतःला संपवण्याचा विचार येतो आहे, त्यांच्याशी दोन शब्द. हा विचार येणं म्हणजे तुम्ही देवाला सोडलं असं नाही. एलिया संदेष्ट्यानंही झाडाखाली बसून मरण मागितलं होतं. देवानं त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं. तुम्हीही आज रात्री एकटे राहू नका. घरात कीटकनाशकाचा डबा असेल तर तो शेजारच्या घरी ठेवून या. आपल्या माणसांपैकी एकाला, पाळकाला, शेजाऱ्याला, कोणालाही, आत्ता सांगा. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत चालू असते, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जाणं, गोळी घेणं यात विश्वासाची कमतरता नाही. आधी फोन लावा, प्रार्थना फोन झाल्यावरही करता येईल.