विश्लेषण : घरमालक भाडेकरूच्या घरात केव्हाही येऊ शकतो का?

भाडेकरू कामावर गेलेला असताना डुप्लिकेट चावीने घर उघडणे, आगाऊ न कळवता नवा भाडेकरू घेऊन दारात उभे राहणे, अशा तक्रारी मुंबई-पुण्यात नेहमीच्याच. ‘घर माझेच आहे,’ हे त्यावर ठरलेले उत्तर. कायद्यात मात्र मालकी वेगळी आणि ताबा वेगळा.

महाराष्ट्रातील कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ नुसार मालकाला घराची पाहणी करण्याचा हक्क आहे, पण दोन अटींवर : आधी सूचना द्यायची आणि वाजवी वेळीच यायचे. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणाऱ्यांनाही हे कलम लागू आहे.

मग अडचण कुठे?

सूचना किती तास आधी द्यायची आणि ‘वाजवी वेळ’ कोणती, हे या कलमात नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना देण्याची तरतूद आहे. मात्र तो केवळ नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही.

न सांगता घरात शिरल्यास?

दुसऱ्याच्या ताब्यातील घरात धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने शिरल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ३२९ लागू होऊ शकते. त्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. मात्र हेतू सिद्ध करावा लागतो. घर सोडायला लावण्यासाठी वीज-पाणी तोडणेही भाडे कायद्याच्या कलम २९ नुसार बेकायदा आहे.

भाडेकरूने काय करावे?

कायद्यातील पोकळी करारानेच भरता येते. पाहणीपूर्वी किती तास आधी कळवायचे, कोणत्या वेळेत यायचे, भाडेकरू घरी नसेल तर काय आणि दुसरी चावी कोणाकडे राहणार, हे करारात लिहून घ्यावे. आग किंवा पाणीगळतीसारख्या तातडीच्या प्रसंगांचा अपवादही नमूद करावा. मालक न सांगता आल्यास त्याच दिवशी संदेश पाठवून हरकत नोंदवावी; पुढे तोच पुरावा ठरतो.

कराराची नोंदणी कोणाच्या हिताची?

दोघांच्याही. कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.