दोन बॅटऱ्या, एक ट्रक

माउलींची पालखी फलटणच्या विमानतळावर मुक्कामाला असते, त्या दिवशी एक दिंडी दरवर्षी आमच्या अंगणात उतरते. दिंडीचा ट्रक म्हणजे वारीपुरतं घरच की हो! वळकट्या, पिठाची पोती, गॅसचे सिलिंडर, आणि रात्री तंबूतले दिवेसुद्धा त्याच्याच बॅटरीवर.

गेल्या वारीत ड्रायव्हर म्हणाला, "माउली, दोन वर्षांत दुसरी बॅटरी बसली बघा. बॅटरीवाला म्हणतो, मालच वाईट येतोय."

मी मीटर घेऊन गेलो. (जुनी खोड, जात नाही.) ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या. इंजिन चालू असताना दोन्ही मिळून २८. ठणठणीत! पण एकेक मोजली तर एकीवर १२.७ आणि दुसरीवर १५.३. दिव्यांच्या पट्ट्या १२ व्होल्टच्या, म्हणून कुणीतरी एकाच बॅटरीवरून तार ओढली होती. रात्रभर तीच उपसली जायची. डायनामो मात्र दोघींना सारखंच देणार. मग एक कधी भरत नाही, आणि दुसरी उकळून पाणी संपवते. एकच जाऊ राबते, पण ताट दोघींना सारखं वाढतात, तशातली गत.

आता यात माल कुठे वाईट? आपल्याकडे बिघाड झाला की आधी वस्तू बदलतात. तार कुठून निघते आणि कुठे जाते, हे बघायला कुणाला वेळ नसतो. विकणाऱ्याला तर नसतोच. दोन बॅटऱ्यांचे पैसे गेले ते दिंडीच्या भिशीतले, म्हणजे म्हाताऱ्यांनी पदराला गाठ मारून आणलेले. याचा मला खरा राग आला.

त्याहून वाईट म्हणजे फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळलेली. "सारखा उडायचा, म्हणून लावली." अहो, उडायचा म्हणजे काहीतरी सांगत होता! ती तार पत्र्याच्या कडेला घासून सोललेली निघाली. एका हातावर सिलिंडर, वर ताडपत्री.

सोललेली तार बदलली, फ्यूज घातला. कन्व्हर्टर काही रात्री मिळेना. मग दोन सारख्या पट्ट्या एकीला एक जोडून पुऱ्या २४ वर लावल्या, आणि मोबाइल आमच्या ओसरीवर चार्जिंगला. पहाटे ट्रक बरडकडे निघाला तेव्हा दोन मोबाइल ओसरीवरच राहिले होते. ते घेऊन मी स्कूटरवर मागे.